५१४ नंबरच्या पोर्टवर आठ महिने: नेटकॅट, एनकॅट आणि सोकॅट वापरून झाल्यावर

आठ महिन्यांपूर्वी कारखान्यातले जुने नेटवर्क स्विच माझ्या ताब्यात आले, तेव्हा पहिलं काम होतं त्यांचे लॉग, म्हणजे काय घडलं त्याच्या नोंदी, एका जागी गोळा करायचं. हे स्विच लॉग पाठवतात यूडीपी ५१४ वर, म्हणजे यूडीपी या पोच न मागणाऱ्या पद्धतीने, यंत्राच्या ५१४ नंबरच्या दारावर (पोर्टवर). मेनूत पोर्ट बदलायची सोयच नाही. लॉगचा सर्व्हर उभा करण्याआधी मला एवढंच बघायचं होतं की डेटाची पाकिटं माझ्यापर्यंत पोहोचतात की नाही. म्हणून लॅपटॉपवर नेटकॅट (पोर्टवर आलेलं जसंच्या तसं दाखवणारं छोटं साधन) काढला, ५१४ वर ऐकायला सांगितलं आणि स्क्रीनवर आलं, ‘परमिशन डिनाइड’.

शेजारी बसलेला आमचा नवा मुलगा म्हणाला, “ताई, सुडो लावा ना, लगेच चालेल.” लावला (सुडो म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, रूटच्या, अधिकाराने कमांड चालवणं), आणि चाललंही. पण पुढच्या आठ महिन्यांत मी जे काही शिकले ते सगळं त्या एका शब्दाभोवती फिरतं, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे. लिनक्समध्ये १०२४ च्या खालच्या पोर्टवर ऐकायला मुळात रूटचा अधिकार लागतो; अशा पोर्टवर काही ना काही ऐकत बसावं लागणाऱ्यांसाठी हे आहे. वेब, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा), मेल, टीएफटीपी (साधी फाइल पाठवणी), एसएनएमपी ट्रॅप (नेटवर्कच्या यंत्रांचे इशारे) हे सगळे तिथलेच रहिवासी.

हे बंधन आलं कुठून ते आधी सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचे उपाय तोलता येत नाहीत. ऐंशीच्या दशकात बर्कलेच्या युनिक्समध्ये आरलॉगिन आणि आरएसएच ही दुसऱ्या यंत्रावर लॉगिन करायची आणि कमांड चालवायची साधनं आली. समोरून येणारं कनेक्शन १०२४ च्या खालच्या पोर्टवरून निघालं असेल तर ते त्या यंत्राच्या रूटनेच काढलंय, म्हणजे भरवशाचं आहे, असं ती मानत. त्या काळी एका विद्यापीठात मोजकीच यंत्रं, आणि प्रत्येकाचा रूट ओळखीचा. आज कुणाच्याही लॅपटॉपवर तो स्वतःच रूट असतो, त्यामुळे समोरच्यावर तसा भरवसा ठेवण्यात अर्थ उरला नाही. योगायोग असा की आरएसएचचं पोर्टसुद्धा ५१४च, फक्त टीसीपीवर, म्हणजे आधी कनेक्शन जोडणाऱ्या पद्धतीवर. मी जिथे अडले तिथेच या नियमाचं मूळ होतं, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. मात्र नियमाचा एक भाग अजून कामाचा आहे. पाच जण वापरतात अशा सर्व्हरवर कुठल्याही साध्या वापरकर्त्याने वेबचं किंवा लॉगचं पोर्ट बळकावू नये, हे आजही हवंच.

आता साधनांकडे वळते.

नेटकॅट नावाची एकच वस्तू आहे असं मी धरून चालले होते, ते चुकीचं निघालं. एक जुना, पारंपरिक नेटकॅट, १९९० च्या दशकातला. दुसरा ओपनबीएसडीवाल्यांनी नव्याने लिहिलेला. दोघांची हाक एकच, ‘एनसी’. जुन्याला ऐकायला लावायचं तर हायफन एलसोबत हायफन पी देऊन पोर्ट सांगावं लागतं. ते विसरलात तर तो तुमच्या पोर्टवर ऐकतच नाही, आणि आपण स्विचला दोष देत बसतो. माझी एक अख्खी दुपार यात गेली. नव्या यंत्रावर बसलात की आधी एनसी कोणता आहे ते बघा, मगच हात चालवा.

दुसरा धडा यूडीपीचा. ओपनबीएसडीच्या नेटकॅटला यूडीपीवर ऐकायला लावलं की पहिलं पाकीट ज्याच्याकडून येतं त्याच्याशीच तो गाठ बांधतो. बाकीच्यांची पाकिटं मग त्याच्यापर्यंत येत नाहीत. माझ्याकडे अकरा स्विच, आणि दिसत होता एकच! बाकी दहांच्या सेटिंगमध्ये काहीतरी चुकलंय असं समजून मी शिडी घेऊन शॉपफ्लोअरवर दोन फेऱ्या मारल्या. शेवटी मॅन पेज, म्हणजे कमांडचं माहितीपान, नीट वाचलं. यूडीपीच्या हायफन यूसोबत हायफन के दिला की तो कुणाशीच गाठ बांधत नाही, सगळ्यांचं ऐकतो. तो एक पर्याय वाढवला आणि अकराच्या अकरा बोलायला लागले.

बोलायला लागले, पण सलग. यूडीपीच्या लॉग संदेशाला शेवटी नवी ओळ असतेच असं नाही, त्यामुळे सगळं एकाला एक चिकटून येतं. नजर लावायची ती कोनी कंसातल्या आकड्यावर. माझ्याकडे बहुतेक संदेश <१८९> ने सुरू होत. हा आकडा फोडायची रीत सोपी आहे. आठने भागा, भागाकार म्हणजे विभाग आणि बाकी म्हणजे गांभीर्य. १८९ म्हणजे २३ आठे १८४ आणि वर ५. २३ हा ‘लोकल सात’ विभाग आणि ५ म्हणजे ‘नोटीस’, दखल घ्यावी एवढंच. एके दिवशी त्या ओळीत <१८७> दिसला. बाकी ३, म्हणजे एरर. पेंट शॉपकडच्या स्विचचा अपलिंक, म्हणजे बाकी नेटवर्कशी असलेला जोड, पडत-उठत होता. लॉगचा सर्व्हर अजून उभाही नव्हता, आणि एका साध्या कमांडने मला खराब झालेली केबल दाखवली. त्या दिवसापासून या साधनाबद्दल माझ्या मनात खरी माया आहे.

एक उणीव मात्र आहे. या पद्धतीत पाकीट कुणाकडून आलं ते नेटकॅट सांगत नाही. त्यासाठी दुसऱ्या खिडकीत टीसीपीडंप (नेटवर्क कार्डावर येणारी पाकिटं दाखवणारं साधन) लावून ठेवावा लागतो. तो तसाही लावाच. टीसीपीडंपला पाकीट दिसतंय आणि नेटकॅटला दिसत नाही, तर दोष जवळजवळ नेहमी आपल्याच यंत्राच्या फायरवॉलचा असतो, कारण टीसीपीडंप फायरवॉलच्या आधी बघतो. पोर्टवर ऐकायची परवानगी मिळणं आणि त्या पोर्टपर्यंत वाट मोकळी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुडो पहिली देतो, दुसरी नाही.

एनकॅट या नेटकॅटच्याच जातीच्या साधनाकडे मी वळले ते हजेरीच्या यंत्रामुळे. गेटवरचं बोटाचा ठसा घेणारं यंत्र आपला डेटा एचटीटीपीने पोर्ट ८० वरच पाठवत होतं, आणि ते नेमकं काय पाठवतं हे पुरवठादार नीट सांगत नव्हता. ऐकायला बसले. डेटा पाठवतोय असं सांगणारी ‘पोस्ट’ची ओळ आली, मजकुराची लांबी सांगणारी कंटेंट-लेंथ आली, खाली कर्मचारी क्रमांक आणि वेळ. पण यंत्राला उत्तर हवं असतं. उत्तर मिळालं नाही म्हणून ते तोच डेटा पुन्हा पुन्हा पाठवत राहिलं. एनकॅटमध्ये प्रत्येक कनेक्शनला एक कमांड चालवायची सोय आहे, तिने मी ‘२०० ओके’, म्हणजे ‘मिळालं’, असं छोटं उत्तर द्यायला लावलं. यंत्र शांत झालं. हायफन के दिल्यामुळे एनकॅट एका कनेक्शननंतर बंदही पडत नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी मी तो तसाच चालू ठेवून घरी गेले. सुडोने चालवलेला, सगळ्या पत्त्यांवर ऐकणारा, आणि प्रत्येक कनेक्शनला शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) उघडून कमांड चालवणारा. सोमवारी बघते तर हजेरीच्या यंत्राशिवाय ऑफिसच्या नेटवर्कमधल्या दोन यंत्रांनीही त्यावर येऊन चौकशी केली होती. कुठल्यातरी स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरचं काम असावं, नुकसान काही झालं नाही. पण बाहेरून येणारा मजकूर मी त्या कमांडमध्ये कुठे वापरला असता, तर माझं यंत्र रूटच्या अधिकारासकट कुणाच्याही हातात गेलं असतं. त्या सोमवारी माझे हात खरोखर गार पडले होते. पोर्ट उघडण्यापुरता एक क्षण अधिकार हवा होता, आणि मी तो अडीच दिवस वाटत बसले होते. एनकॅटमध्ये कुणाला आत घ्यायचं त्याची यादी देता येते, अलाऊ या पर्यायाने. तेव्हापासून ती दिल्याशिवाय मी एनकॅट चालवत नाही, आणि सुडोने तर नाहीच.

मग सुडोशिवाय कसं? मी चार वाटा वापरून पाहिल्या.

पहिली सेटकॅप, म्हणजे फाइलला अधिकार बांधणारी कमांड. लिनक्समध्ये रूटच्या अधिकारांचे तुकडे केलेले आहेत, त्यातला खालच्या पोर्टला चिकटण्याचा तुकडा म्हणजे ‘कॅप नेट बाइंड सर्व्हिस’. तो एखाद्या प्रोग्रामच्या फाइलला बांधता येतो. एनसीला बांधायला गेले तर चूक दाखवली, कारण उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर एनसी ही खरी फाइल नसून दुवा आहे, आणि अधिकार दुव्याला बांधता येत नाही. एनकॅटच्या खऱ्या फाइलला बांधला, झकास चाललं. दोन अडचणी नंतर कळल्या. फाइलला अधिकार दिला की ती चालवू शकणाऱ्या प्रत्येकाला तो मिळतो. आणि पॅकेज अपडेट झालं की नवी फाइल येते, अधिकार गेलेला असतो. रात्री अकराला, लाइन बंद ठेवून काम चाललेलं असताना, ‘परमिशन डिनाइड’ पुन्हा समोर आलं तेव्हा आठवलं की त्याच आठवड्यात अपडेट झालं होतं. पायथनसारख्या, स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या इंटरप्रिटरला तर हा अधिकार कधीच बांधू नका. तो मग तुमच्या एका स्क्रिप्टचा राहत नाही, त्या पायथनवर चालणाऱ्या सगळ्यांचा होतो.

दुसरी वाट कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सेटिंगची. २०१७ साली आलेल्या लिनक्स ४.११ पासून, साध्या वापरकर्त्याला कुठल्या पोर्टपासून पुढे मोकळीक आहे तो आकडा बदलता येतो. मुळात तो १०२४ असतो. मी माझ्या लॅपटॉपवर तो ८० केला. ८० पासून वरचं सगळं मोकळं, त्यात ४४३ आणि ५१४ आलंच. माझ्या एकटीच्या यंत्रावर हा मला सगळ्यांत आवडलेला उपाय आहे, आणि आज तोच चालू आहे. सामायिक सर्व्हरवर मात्र नको. लॉगची सेवा दोन मिनिटं बंद पडली तर तेवढ्यात कुणीही साधा वापरकर्ता ५१४ वर येऊन बसू शकेल. कंटेनरमधलं, म्हणजे प्रोग्रामला दिलेल्या वेगळ्या कप्प्यातलं, जग निराळं. असे कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या २०.१० आवृत्तीपासून कंटेनरच्या आत हा आकडा शून्य केलेला असतो, म्हणून तिथे हा प्रश्न सहसा जाणवतच नाही. आणि आमच्या डिझाइन विभागातल्या मॅकवर एनसी ८० वर सुडोशिवाय चालला, तेव्हा मी चमकले होते. २०१८ च्या मोहावी या आवृत्तीपासून मॅकमध्ये सगळ्या पत्त्यांवर ऐकायचं असेल तर अडवणूक नाही, एका ठरावीक पत्त्यावर ऐकायचं म्हटलं की मात्र अजूनही रूट लागतो.

तिसरी, आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलच्या कमांडने ८० वर आलेलं ८०८० वर वळवणं. चालतं. फक्त त्याच यंत्रावरून तपासायला गेलात तर चालत नाही असं वाटेल, कारण आपल्याच यंत्रातून निघालेलं पाकीट प्रीराउटिंगच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या पाकिटांना वळवणाऱ्या नियमांच्या, साखळीतून जात नाही. दुसऱ्या यंत्रावरून तपासा.

चौथी वाट सोकॅट, दोन टोकं एकमेकांना जोडून देणारं साधन. याची लिहिण्याची पद्धत पहिल्या आठवड्यात डोक्यावरून जाते, हे कबूल करते. दोन टोकांचे पत्ते आणि प्रत्येकाला स्वल्पविरामाने जोडलेले पर्याय. पण हात बसला की याच्या तोडीचं काही नाही. पोर्ट ८० वर ऐक, प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रत काढ, ती प्रत ‘नोबडी’ या वापरकर्त्याच्या नावाने चालव, आणि फक्त आपल्या नेटवर्कच्या रेंजमधल्यांनाच घे, हे सगळं एका ओळीत होतं. सुरुवात रूटने करावी लागते आणि मूळ प्रक्रिया रूटच राहते, पण बाहेरच्याशी प्रत्यक्ष बोलणारी प्रत बिनअधिकाराची असते. मला त्या शुक्रवारी नेमकं हेच हवं होतं. शिवाय पाकीट कुणाकडून आलं तो पत्ता सोकॅट चालवलेल्या कमांडला एका व्हेरिएबलमध्ये देतो. नेटकॅटमध्ये जे अडलं होतं ते इथे सुटलं, आणि प्रत्येक स्विचचा लॉग वेगळ्या फाइलमध्ये पडायला लागला. सोकॅट १.८ च्या आधीचा असेल तर टीसीपीसाठी रीयूजअ‍ॅड्रेस हा पर्याय तेवढा विसरू नका, नाहीतर बंद करून लगेच सुरू करताना पोर्ट अजून अडकलेलं आहे असं सांगून तो मिनिटभर ताटकळत ठेवतो.

यावरून आठवलं. ‘परमिशन डिनाइड’ आणि ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ यांची गल्लत करू नका. पहिल्यात तुम्हाला अधिकार नाही, दुसऱ्यात जागा भरलेली आहे, तिथे कितीही सुडो लावलात तरी उपयोग नाही. डीएनएसच्या ५३ वर हे हटकून होतं, कारण उबुंटूवर सिस्टमडी-रिझॉल्व्हड हा डीएनएसचा प्रोग्राम १२७.०.०.५३ या पत्त्यावर आधीच बसलेला असतो. त्याला बंद करायची गरज नाही. आपल्या लॅन कार्डाचा नेमका पत्ता देऊन ऐका, दोघेही नांदतात. कोण बसलंय ते बघायला एसएस ही कमांड आहे. दुसऱ्या वापरकर्त्याच्या प्रक्रियेचं नाव हवं असेल तर मात्र ती सुडोनेच चालवावी लागते, आणि तिथे मी तो बिनधास्त लावते.

कायमच्या कामाला मी यातलं काहीच ठेवलेलं नाही. हजेरीचं यंत्र आता एका छोट्या प्रोग्रामशी बोलतं. पोर्ट ८० सिस्टमडी (लिनक्समध्ये सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम) स्वतः उघडतो आणि उघडलेलं सॉकेट त्या प्रोग्रामच्या हातात देतो. प्रोग्राम साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्याला रूटचा वाराही लागत नाही. चार महिने झाले, एकदाही उठून बघावं लागलेलं नाही.

नुसतं बघायचं असेल तर नेटकॅट, यादी लावून ऐकायचं असेल तर एनकॅट, आणि दोन-चार दिवस चालवायचं असेल तर सोकॅट, अशी माझी वाटणी झाली आहे. परवा तो नवा मुलगा टीएफटीपीसाठी ६९ वर ऐकायला बसला होता. माझ्या लॅपटॉपवरचा आकडा ८० पासूनचा, म्हणून ६९ अडलं. त्याने सुडो टाइप केलं, थांबला, पुसलं आणि विचारलं, “ताई, सोकॅटची ती नोबडीवाली ओळ कुठे ठेवलीय तुम्ही?”