मीच सोल्डर केलेल्या वॉलेटनी चौदा घरांचे पैसे गेले

माझं यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय, वीस वर्षांपासून हातात सोल्डरिंग आयर्न आहे. हे आधीच सांगतो, कारण ज्या डबीनं, म्हणजे बिटकॉइनची किल्ली ठेवायच्या हार्डवेअर वॉलेटनं, आम्हाला बुडवलं ती माझ्याच टेबलावर जोडली गेली.

आमच्याकडच्या पोरांनी बिटकॉइन पैसा जास्त झाला म्हणून घेतले नव्हते. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात चार-सव्वाचार हजारांच्या वर कोणी बोलेना. शेतीबाहेर दोन पैसे कुठेतरी साठावेत म्हणून महिन्याला हजार-दोन हजार एक्स्चेंजवर, म्हणजे बिटकॉइन घ्यायच्या-विकायच्या ऑनलाइन बाजारात, टाकायचे, एवढंच. माझेही तसेच जमलेले होते. मग जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स एक्स्चेंजवरून २३ कोटी डॉलरच्या आसपास किमतीचे कॉइन चोरीला गेले. आमच्यातल्या कोणाचे पैसे तिथे नव्हते, पण धडकी सगळ्यांना भरली. कॉइन एक्स्चेंजवर ठेवू नका, हार्डवेअर वॉलेटमध्ये घ्या, असं जो तो सांगू लागला. सल्ला बरोबरच होता. आम्हाला बुडवणाऱ्या माणसानं नेमकी तीच वेळ साधली.

पोळ्याच्या आठवड्यात तो माझ्या चुलतभावाच्या ओळखीनं दुकानात आला. पुण्याला एम्बेडेडचं, म्हणजे यंत्रांतल्या चिपचे प्रोग्रॅम लिहायचं, काम करतो म्हणाला. देशी हार्डवेअर वॉलेट तयार करतोय, परदेशी वॉलेट आपल्या माणसाला परवडत नाही, आपण साडेतीन हजारांत देऊ. पहिले वीस नग गावाकडच्या लोकांनी वापरून पाहायचे, जोडणी मी करायची, नगामागे सहाशे रुपये मजुरी. मजुरी त्यानं रोख दिली, आगाऊ. बोलणंही पक्कं होतं. पहिलं हार्डवेअर वॉलेट २०१४ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या कंपनीनं बाजारात आणलं, त्याचा प्रोग्रॅम आणि सर्किट दोन्ही कोणालाही पाहता येतात, हे मला त्यानंच सांगितलं. ते खरं आहे. याचा स्वतःचा प्रोग्रॅम मात्र पेटंट झाल्यावर दाखवणार होता. मी तिथेच थांबायला पाहिजे होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॉइन त्या डबीत नसतात. डबीत असते फक्त किल्ली, आणि ती किल्ली बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांतून तयार होते. हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून डबीनं स्वतः, कोणालाही अंदाज येणार नाही असे निवडायचे असतात. बारा शब्दांच्या शक्यता मोजल्या तर ३९ आकडी संख्या होते. म्हणून चोर ते शब्द ओळखू शकत नाही. पण शब्द आधीच कोणी ठरवून ठेवले असतील, तर कुलूप कितीही भारी असलं तरी किल्लीची नक्कल त्याच्या खिशात असते.

त्यानं आणलेल्या बोर्डावर ईएसपी३२ मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅम टाकता येणारी साधी चिप, होतं, आणि बाजूला काळ्या इपॉक्सीचा एक गोळा. गोळ्याखाली बँकेच्या कार्डात असते तशी सिक्युअर चिप आहे, कोणी उकरू नये म्हणून वरून ओतलंय, असं तो म्हणाला. बऱ्याच खऱ्या वॉलेटमध्येही अशी चिप असते, त्यामुळे मला पटलं. मी फक्त डिस्प्ले, दोन बटणं आणि यूएसबीचं सॉकेट लावलं. प्रोग्रॅम त्यानं आपल्या लॅपटॉपवरून टाकला. मी चहा सांगायला बाहेर गेलो होतो.

दिवाळीपर्यंत चौदा नग गेले. घेणारे सगळे ओळखीचे: चुलतभाऊ, झेडपीचे एक गुरुजी, कृषी केंद्रवाला, माझ्या साळ्याचे दोन मित्र. सगळ्यांनी माझ्यासमोर डबी सुरू केली, बारा शब्द वहीत लिहिले. मीच बजावलं, याचा फोटो काढू नका, कोणाला सांगू नका. ५ डिसेंबरला बिटकॉइननं पहिल्यांदा एक लाख डॉलर ओलांडले तेव्हा एक्स्चेंजवर जे काही उरलं होतं तेही लोकांनी डबीच्या पत्त्यावर, म्हणजे खाते क्रमांकासारख्या नंबरावर, हलवलं.

१४ डिसेंबरच्या रात्री सगळं गेलं. माझे जवळजवळ तीन लाख, सगळ्यांचे मिळून एकतीस लाख. बिटकॉइनचे व्यवहार सगळ्यांना दिसतात, म्हणून सकाळी मी माझा पत्ता टाकून पाहिला. एकच व्यवहार होता आणि त्यात चौदाही जणांचे पत्ते होते. अशा व्यवहाराला चौदाही किल्ल्यांची सही लागते. म्हणजे एकाच्या हाती चौदा किल्ल्या होत्या. त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

दुकानाचं शटर अर्धं ओढून मी माझी डबी रिसेट केली. नवे बारा शब्द आले, लिहून घेतले. पुन्हा रिसेट, पुन्हा नवे. असं करत गेलो आणि आठव्या वेळी माझे मूळचेच बारा शब्द परत आले, त्याच क्रमानं. ३९ आकडी शक्यतांमध्ये हे जन्मात घडणार नाही. अमरावतीला कॉम्प्युटर शिकणाऱ्या भाच्याला बोलावलं. त्यानं यूएसबीवरून चिपमधला सगळा मजकूर बाहेर काढला. ठरलेली यादी 'अबँडन' या शब्दापासून सुरू होऊन 'झू'वर संपते. इथे 'झू'च्या पुढे बारा-बारा शब्दांच्या आठ ओळी होत्या. पहिली ओळ माझ्या वहीतली.

मग हॉट एअर गन घेतली आणि तो काळा गोळा तापवून ब्लेडनं सोलला. खाली निघाला आठ पायांचा साधा ५५५ टायमर, म्हणजे वेळ मोजणारी चिप, सुरक्षेशी काही संबंध नसलेली. मल्टिमीटर लावून प्रत्येक पाय तपासला, एकही पाय बोर्डाच्या ट्रॅकला जोडलेला नव्हता. पाच मिनिटांचं काम होतं. पोळ्याच्या आठवड्यात केलं असतं तर हे घडलंच नसतं.

चुलतभाऊ शेजारी स्टुलावर बसून हे सगळं पाहत होता. एवढंच म्हणाला, "दादा, तुनं बनोलं म्हून म्या घेतलं." त्याला काय उत्तर देऊ, ते मला आजही सुचलेलं नाही.

हा प्रकार फक्त आमच्याकडेच झाला असं नाही. २०२३ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञांनी एक बनावट ट्रेझर वॉलेट (ट्रेझर म्हणजे वर सांगितलेल्या चेक कंपनीचं वॉलेट) उघडून दाखवलं होतं. सील शाबूत, आतली मुख्य चिप बदललेली, आणि नवे शब्द तयार करण्याऐवजी आधीच ठरवलेल्या वीस संचांतला एक द्यायची सोय. हे मी आधी वाचलं नव्हतं. वॉलेट घ्यायचं तर बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्या, ओळखीच्या हातून, सेकंडहँड किंवा शब्द आधीच लिहिलेल्या कार्डासकट आलेलं तर अजिबात नको. रिसेट करून वेगळे शब्द आले म्हणजे डबी खरी, असंही समजू नका. आठच्या जागी आठ हजार संच भरता येतात. काही वॉलेटमध्ये तुम्ही स्वतः फासे टाकून आकडे देऊ शकता. पन्नास वेळा फासा टाकला की बारा शब्दांना पुरतील इतके, कोणालाही अंदाज न येणारे आकडे होतात, आणि इंटरनेट नसलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याच आकड्यांवरून तेच शब्द येतात का, ते ताडून पाहता येतं. प्रोग्रॅम दाखवायला तयार नसलेल्याच्या वॉलेटला एक रुपयाही देऊ नका, मग तो कितीही शिकलेला असो.

आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार दिली, ठाण्यात गेलो. काहींनी डबीचे साडेतीन हजार यूपीआयनं भरले होते. त्यातले थोडे पुढच्या बँक खात्यात गोठवता आले. बिटकॉइन असे गोठत नाहीत, एकदा व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक नोंदवहीत, बसला की मागे घेणारा कोणी नाही. तक्रारीनंतर आठवड्याभरात गुरुजींना फोन आला, आम्ही चोरीचे कॉइन सोडवून देतो, फी पंचवीस हजार. त्यांनी भरले. तेही गेले. असे फोन आता आमच्यातल्या बाकीच्यांनाही येतात.

अजून एक. कृषी केंद्रवाल्यानं, चोर आता कशाला परत येतो, असं म्हणून त्याच डबीवर पाच हजारांचे कॉइन टाकून पाहिले. वीस मिनिटांत साफ. त्या पत्त्यांवर अजूनही कोणाची तरी नजर आहे.

वीसपैकी सहा नग माझ्याकडे उरले होते, आता ते ठाण्यात जमा आहेत. पण त्यानं दुसऱ्या गावात दुसऱ्या कोणाकडून आणखी जोडून घेतले असतील. राखाडी, थ्रीडी प्रिंटरवर काढलेली डबी, दोन बटणं, आत काळा गोळा. अशी डबी तुमच्याकडे किंवा पुसद, दारव्हा, आर्णीकडच्या कोणाकडे असेल, तर आज रात्रीच्या आत त्यातले कॉइन दुसऱ्या, शब्द नव्यानं तयार केलेल्या वॉलेटवर हलवा. मग डबी घेऊन दुकानात या. पैसे घेणार नाही, तुमच्यासमोर उघडून दाखवतो.