एफ-१५० ला सुपरचार्जर, गिअर बदल, की सरळ इकोबूस्ट?

ट्रेलर ओढायला ताकद कमी पडते म्हणून सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप, लावणार असाल, तर लावू नका. रिकामी गाडी पळवायची हौस असेल तर खुशाल लावा, पण त्यात गेलेले बारा-पंधरा हजार डॉलर परत येणार नाहीत हे धरूनच.

हा आढावा अमेरिकेतल्या २०१८ ते २०२० च्या फोर्ड एफ-१५० पिकअपचा, तोही ५.० लिटर व्ही-८ इंजिनवाल्या गाडीचा. या गाड्या आता वापरलेल्या बाजारात भरपूर आहेत, बहुतेकांची वॉरंटी संपली आहे किंवा संपत आली आहे, आणि 'हिला आणखी थोडा जोर हवा होता' असं वाटायला लागतं ते नेमकं याच टप्प्यावर. पर्याय तीन: सुपरचार्जरचं किट, मागच्या-पुढच्या डिफरन्शियलमधले क्राऊन-पिनियन (चाकांना जोर पोचवणारे शेवटचे गिअर) बदलणं, किंवा ही गाडी विकून ३.५ इकोबूस्ट, म्हणजे फोर्डचं टर्बोवालं व्ही-६ इंजिन असलेली एफ-१५०, घेणं.

आधी आकडे. कारखान्यातून आलेलं ५.० इंजिन ३९५ हॉर्सपॉवर आणि ४०० पौंड-फूट टॉर्क देतं. तो टॉर्क पूर्ण मिळतो ४,५०० आरपीएमला. त्याच वर्षांतलं ३.५ इकोबूस्ट कागदावर ३७५ हॉर्सपॉवरचं, म्हणजे कमीच. पण टॉर्क ४७०, आणि तो ३,५०० आरपीएमलाच हाताशी येतो. सुपरचार्जर लावलेल्या ५.० साठी किट बनवणारे ६५० ते ७०० हॉर्सपॉवरचा दावा करतात, अर्थात प्रीमियम पेट्रोलवर. टॉर्क सहाशेच्या आसपास जातो. एवढ्यावर निर्णय घ्यायचा तर चर्चाच संपली. पण ट्रेलर लावल्यावर गाडी अडते ती बहुतेक वेळा इंजिनाच्या ताकदीवर नाही, पेलोडवर, म्हणजे गाडीवर किती वजन चालेल त्यावर.

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळ्या काठाचं स्टिकर दिसतं. त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. समजा तिथे १,६०० पौंड आहेत. ७,००० पौंडांच्या कॅम्पर ट्रेलरचा हिचवर (ट्रेलर जोडण्याच्या जागेवर) येणारा भार १३ टक्के धरला तर ९१० पौंड झाले. वजन वाटून देणारा हिच आणखी ८० पौंड. घरातली चार माणसं ६०० पौंड. झाले १,५९०. अजून कूलर, गॅस सिलिंडर, मुलांच्या सायकली चढायच्याच आहेत. सुपरचार्जर, त्याचा इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा), जादा रेडिएटर, पंप आणि कूलंट मिळून गाडीचं वजन साधारण शंभर पौंडांनी वाढतं, आणि ते याच आकड्यातून वजा होतं. ब्रेक तेच, मागचा ॲक्सल तोच, फ्रेम तीच. किट लावल्याने फोर्डने दिलेली ओढण्याची मर्यादा एका पौंडानेही वाढत नाही.

घाट चढताना काय होतं

कोलोराडोत आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगद्याकडे जाताना सात टक्क्यांपर्यंत चढ लागतो आणि बोगदा आहे ११,१५८ फुटांवर. गाडी आणि ट्रेलर मिळून १३,००० पौंड धरा, वेग ताशी ५५ मैल. नुसतं वजन वर चढवायला सुमारे १३५ हॉर्सपॉवर लागतात. हवेचा आणि टायरचा विरोध, गिअरबॉक्समधला तोटा धरला की इंजिनाकडून साधारण २३० लागतील. विनाबूस्ट, म्हणजे टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेलं इंजिन दर हजार फुटांना अंदाजे तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे त्या उंचीवर ३९५ चे उरतात २६५. पुरतात. इंजिन साडेपाच हजारांवर ओरडत राहील आणि शेजारी बसलेल्यांना वाटेल की आता काही तरी तुटणार. काही तुटत नाही. हे इंजिन त्या आरपीएमसाठीच बनलं आहे.

सुपरचार्जर इंजिनाच्या बेल्टवर फिरतो, त्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब तो ठरावीक पटीनेच वाढवतो. समुद्रसपाटीवर १० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) बूस्ट, म्हणजे जादा दाब, म्हणजे १४.७ चे २४.७, सुमारे १.६८ पट. डेन्व्हरला बाहेरचा दाबच १२.१ असतो, त्याच पटीने तो २०.३ होतो आणि गेजवर दिसतात ८ च्या आसपास. उंचीमुळे ताकद घटते ती मूळ इंजिनासारखीच, टक्क्यांत. टर्बोचं तसं नाही. हवा विरळ झाली की वेस्टगेट (इंजिनाचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) कमी उघडतो, टर्बो जास्त वेगाने फिरतो आणि बराचसा तोटा भरून काढतो. इकोबूस्टवाले चढावर तीन हजारांवर निवांत जाताना दिसतात ते यामुळे.

बोगद्यापाशीसुद्धा सुपरचार्जरवाल्या गाडीकडे साडेचारशे हॉर्सपॉवर उरतील, इकोबूस्टपेक्षा जास्तच, हे मान्य. पण ते दहा मिनिटं सलग वापरता येत नाहीत. दाबलेली हवा तापते, इंटरकूलरचं पाणी तापतं, आत जाणाऱ्या हवेचं तापमान १५० फॅरेनहाइटपलीकडे गेलं की कॉम्प्युटर इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे ओढायला लागतो. ज्या चढासाठी पैसे घातले त्याच चढावर तुम्ही घातलेली ताकद स्वतःहून कमी होत जाते.

गिअर बदल: स्वस्त आणि कंटाळवाणा, म्हणून कोणी सुचवत नाही

दाराच्या स्टिकरवरच ॲक्सलचा कोड असतो. त्यावरून तुमच्या गाडीत ३.१५, ३.३१, ३.५५ यांपैकी कोणता रेशो (पिनियनच्या किती फेऱ्यांना चाकाची एक फेरी) आहे ते कळतं. ३.१५ चे ३.७३ केले तर प्रत्येक गिअरमध्ये चाकांवरचा जोर १८ टक्क्यांनी वाढतो, ३.३१ पासून गेलात तर पावणेतेरा टक्क्यांनी. मोठे टायर टाकले असतील तर हा बदल जवळपास अपरिहार्य समजा. ३१ इंचांच्या जागी ३५ इंची टायर म्हणजे ३.५५ चा रेशो प्रत्यक्षात ३.१४ होतो. गाडी मेली असं वाटतं ते त्यामुळे, इंजिनामुळे नाही.

खर्च दोन्ही ॲक्सल मिळून दोन ते तीन हजार डॉलर. फोर-बाय-फोरमध्ये पुढचाही रेशो तोच ठेवावाच लागतो, नाहीतर फोर-व्हील टाकल्याबरोबर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा) आणि ॲक्सल एकमेकांशी भांडायला लागतील. काम मात्र हातावर अवलंबून आहे. पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला ताण) आणि क्राऊनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) मोजून बसवावा लागतो, दातांवर रंग लावून संपर्काचा ठसा बघावा लागतो. हे अंदाजाने केलं तर ५० ते ६० मैलांच्या वेगात मागून बारीक शिट्टी सुरू होते, आणि ती शिट्टी पुन्हा उघडल्याशिवाय जात नाही. नव्या सेटवर पहिले ५०० मैल ट्रेलर लावायचा नाही. नंतर तेल बदलायचं. कॉम्प्युटरमध्ये नवा रेशो भरायला विसरलात तर स्पीडोमीटर चुकेल आणि दहा-स्पीड गिअरबॉक्स भलत्या वेळी गिअर टाकेल.

सुपरचार्जर लावायचाच असेल तर

पिकअपसाठी व्हिपलचा ट्विन-स्क्रू किंवा ईटनच्या टीव्हीएस रोटरवर बनलेला रौश, मॅग्नसन असा प्रकार घ्या. हे दोन हजार आरपीएमपासूनच बूस्ट देतात. प्रोचार्जर, पॅक्स्टनसारखे सेंट्रिफ्युगल स्वस्त आणि थंड असतात, पण त्यांचा बूस्ट आरपीएमबरोबर चढत जातो आणि खालच्या पट्ट्यात हाती फारसं लागत नाही. अडीच टनांच्या गाडीला ते रुचत नाही.

किट मागवण्याआधी इंजिन तपासा. २०१८ नंतरच्या काही ५.० इंजिनांना तेल खाण्याची तक्रार आहे. हजार मैलांत किती तेल कमी होतं ते मोजा, आठही सिलिंडरची कॉम्प्रेशन आणि लीक-डाऊन (दाब किती गळतो ती) चाचणी घ्या. इनटेकमध्ये जाणारं तेल पेट्रोलचा ऑक्टेन खाली आणतं, आणि या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो १२:१ आहे. २०१७ पर्यंतच्या १०.५:१ वाल्यापेक्षा नॉकपासून (पेट्रोल अवेळी पेटण्यापासून) बचावाला खूपच कमी जागा. पीसीव्हीच्या (इंजिनातली तेलकट वाफ इनटेकमध्ये परत नेणाऱ्या) नळीवर तेल पकडणारा कॅच-कॅन लावाच.

बसवण्याचं काम १५ ते २० तासांचं. इनटेक मॅनिफोल्ड निघतो, पोर्ट इंजेक्टर मोठे येतात, प्लग एक पायरी थंड घेऊन गॅप साधारण ०.८ मिलिमीटरवर आणतात; मूळ गॅप तसाच ठेवला तर बूस्टखाली ठिणगी विझते आणि जोर लावताना गाडी अडखळते. बऱ्याच जणांचं फसतं ते पुढच्या रेडिएटरपाशी. इंटरकूलरच्या पाण्याचं सर्किट वेगळं असतं आणि त्यात हवा अडकली तर पंप नुसता घरघरतो, पाणी फिरत नाही. गाडीचं नाक वर करून, शक्य असेल तर व्हॅक्यूम लावून भरावं. इंटरकूलरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत पाण्याची धार फिरताना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर गाडी ताब्यात घेऊ नका. बेल्टभोवती काळी भुकटी दिसली तर तो घसरतो आहे. आणि मूळ ऑइल पंपचे गिअर पावडर धातूचे आहेत. बूस्टबरोबर वारंवार रेव्ह लिमिटरवर (आरपीएमच्या कमाल मर्यादेवर) आपटलं की ते तडकतात आणि सोबत इंजिन नेतात. ते बदलण्यासाठी पुढचं कव्हर आणि टायमिंगचं काम उघडावं लागतं, म्हणून किटबरोबरच करून घेतलं तर मजुरी वाचते. जोरात चालवणार असाल तर हा खर्च टाळू नका.

पैसे: किट साडेआठ ते साडेबारा हजार, मजुरी दोन-तीन हजार. मग पेट्रोल. वर्षाला १२,००० मैल, रेग्युलर ३ डॉलर आणि प्रीमियम ३.९० धरलं, आणि सरासरी गॅलनमागे १७ वरून १६ मैलांवर आली, तर वर्षाला साधारण आठशे डॉलर जास्त. हायवेवर एका वेगात जाताना सुपरचार्जरला वळसा देणारा बायपास व्हॉल्व्ह उघडा असतो, म्हणून तोटा वाटतो तितका नसतो. तो वाढवतो आपला उजवा पाय. ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा बदललेला प्रोग्रॅम) ९१ ऑक्टेनची घ्या. टेक्सासमध्ये ९३ सहज मिळतं, कोलोराडो-कॅलिफोर्नियात पंपावर ९१ हीच कमाल. कोलोराडोतलं ८५ ऑक्टेनचं रेग्युलर तर या इंजिनाजवळही नेऊ नका.

कॅलिफोर्नियात कार्बचा (तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, म्हणजे मंजुरीचा, क्रमांक नसलेलं किट स्मॉग तपासणीत डोळ्यांनी बघूनच नापास होतं. क्रमांक तुमच्या मॉडेल वर्षासाठी आणि इंजिनासाठीच दिलेला आहे ना, ते बघा. वॉरंटीबाबत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा एवढंच सांगतो की बाहेरचा भाग लावला म्हणून सगळी वॉरंटी रद्द करता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला तर दावा नाकारता येतो, आणि पिस्टन फुटल्यावर तुमचा वाद कोणाशी असेल ते सांगायला नको. काही किट डीलरकडून बसवून घेतली तर तीन वर्षं किंवा ३६,००० मैलांची वेगळी वॉरंटी मिळते. पाच वर्षं किंवा ६०,००० मैलांची पॉवरट्रेन (इंजिन-गिअरबॉक्सची) वॉरंटी शिल्लक असेल तर तोच मार्ग घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

इकोबूस्टकडे वळताना

त्याच पैशात, म्हणजे तुमची गाडी आणि वर दहा-बारा हजार, मॅक्स टो पॅकेजची (जास्त ओढण्यासाठी फोर्डने सज्ज केलेली) इकोबूस्ट सहज येते. तिच्यात मोठा ९.७५ इंची मागचा ॲक्सल आणि योग्य रेशो कारखान्यातूनच असतो, ओढण्याची मर्यादाही कागदोपत्री वाढते. ट्रेलरवाल्यांनी हेच करावं असं आमचं स्पष्ट मत आहे. तोटेही ठाऊक असू द्या: २०१७ ते २०२० च्या गाड्यांत थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली तर कॅम फेझर (झडपांची वेळ बदलणारे भाग) गेले आहेत, आणि ते काम हजारांत जातं. गाडी बघायला सकाळी जा, आणि मालकाला सांगा की आधी सुरू करू नका. ओढताना मायलेज पडतं ते दोघांचंही, त्यात टर्बो काही वाचवत नाही.

भारतात हा प्रश्न येत नाही. तिथले हायलक्स आणि व्ही-क्रॉस डिझेलवर, टर्बो आधीच लावलेले.

राहिली आधीच सुपरचार्जर लावलेली वापरलेली गाडी. हौसवाल्यासाठी हा सर्वांत स्वस्त मार्ग, कारण पहिल्या मालकाचे किटचे पैसे विक्रीत फारसे वसूल होत नाहीत. बसवणाऱ्या दुकानाचं बिल मागा, कार्बचं स्टिकर बॉनेटखाली आहे का बघा, मूळ मॅनिफोल्ड आणि इंजेक्टर मिळतात का विचारा. ट्यून भरणारं छोटं यंत्र गाडीच्या व्हीआयएन (ओळख) क्रमांकाशी बांधलेलं असतं. ते हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. डीलरकडे साध्या कामाला गाडी गेली आणि त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट केलं, तर ट्यून पुसली जाते, मूळ प्रोग्रॅम मोठ्या इंजेक्टरांवर चालायला लागतो, आणि ते यंत्र नसेल तर गाडी टो करूनच ट्यूनरकडे न्यावी लागते.