फ्रीजवरची वही: जळगावातील एका मेडिकलविषयी

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि आईचे न उघडलेले इन्सुलिन मात्र २ ते ८ अंशांतच ठेवावे लागते. त्यामुळे दुकान निवडताना मी सवलतीआधी फ्रीज पाहतो. आमच्या कॉलनीजवळच्या या मेडिकलमध्ये फ्रीजच्या दाराला तापमानाची वही सुतळीने बांधलेली आहे, आणि तिच्यातल्या नोंदी वेगवेगळ्या शाईच्या असल्याने त्या एका बैठकीत भरलेल्या नसाव्यात, असा माझा तर्क आहे.

माल आला की मालक बिलावरचा बॅच क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहतात आणि लवकर मुदत संपणारी पाकिटे पुढे लावतात. अनुसूची एच-१ मधील, म्हणजे काही प्रतिजैविकांसारख्या कडक नियंत्रणातील औषधांच्या सरकारी यादीतील, औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण यांची नोंद वेगळ्या वहीत होते, आणि ती वही तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. माझ्यासमोर एक ओळखीचे गृहस्थ यावरून चिडून निघून गेले.

आईच्या अंगावर नव्या गोळीने पुरळ उठले, तेव्हा फार्मासिस्टताईंनी आधी डॉक्टरांना फोन करायला लावला, मग पाकिटावरचा बॅच क्रमांक टिपून घेतला आणि अशा दुष्परिणामांची माहिती देण्यासाठीचा राष्ट्रीय क्रमांक १८००-१८०-३०२४ लिहून दिला.

घरपोच सेवा मात्र कच्ची आहे. एकदा भर दुपारी इन्सुलिन बर्फाच्या पिशवीशिवाय आले; ते मी परत केले आणि त्यांनी विनातक्रार बदलून दिले.