बॉसवर्थ-टोलर उशाशी घेऊन जुनी इंग्रजी भक्तिकाव्यं वाचली: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी काय वापरलं ते सांगते. कोश बॉसवर्थ-टोलरचा, जुन्या इंग्रजीचा, प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाने जालावर फुकट ठेवलेला. मूळ कवितांसाठी क्रॅप आणि डॉबी यांची सहा खंडांची संहिता (१९३१ ते १९५३). जिथे दमछाक झाली तिथे डम्बर्टन ओक्स मालिकेतले दोन खंड, ज्यांत एका पानावर मूळ आणि समोरच्या पानावर इंग्रजी गद्य असतं. शिवाय घरात आधीपासून पडलेलं एक स्वस्त भाषांतर. त्याचं नाव घेत नाही, कारण त्याच्याबद्दल फारसं बरं लिहिणार नाहीये. पावसाळ्यात सुरुवात केली आणि रात्रीची जेवणं आटोपल्यावर जमेल तसं वाचत उन्हाळ्यापर्यंत आले.

मला बघायची होती एकच गोष्ट. हे अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रजीत लिहिणारे, कवी देवाला मोठं म्हणतात तेव्हा नेमकं काय म्हणतात? जुन्या इंग्रजीतलं सगळं मिळून सुमारे ३० हजार ओळींचं काव्य आज उरलंय. त्यातला बराचसा भाग धार्मिक आहे आणि तो मुख्यतः इसवी सन १००० च्या आसपासच्या चार हस्तलिखितांत आहे. एक ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात, एक एक्सेटरच्या कॅथीड्रलमध्ये, एक लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि एक, कसं कोण जाणे, इटलीतल्या वेर्चेल्ली गावात.

त्या स्वस्त भाषांतराने पहिल्याच आठवड्यात निराश केलं. त्यात देव म्हणजे सरसकट ‘लॉर्ड’, फार तर ‘ग्लोरियस लॉर्ड’. मुळात त्या जागी द्रिख्तेन, फ्रेआ, थेओदेन, ह्लाफोर्द, वेआर्द, वेआल्देन्द, मेतोद अशी रांग लागलेली असते. सहस्रनामाची सवय असलेल्या आपल्या कानाला असली रांग ओळखीची वाटते, पण इथली घडण वेगळी आहे. ही जवळजवळ सगळी नावं सरदाराच्या दालनातून उचललेली आहेत. द्रिख्तेन म्हणजे लढवय्यांच्या टोळीचा नायक, वेआर्द म्हणजे राखणदार, वेआल्देन्द म्हणजे सत्ता चालवणारा, ब्रित्ता म्हणजे वाटप करणारा. विशेषणं कमी, नामं जास्त. आणि नामाला बहुतेक वेळा षष्ठी चिकटलेली: स्वर्गराज्याचा राखणदार, मानवजातीचा राखणदार, देवदूतांचा राजा, विजयांचा सत्ताधीश.

कॅडमनचं स्तोत्र यासाठी आधी वाचावं. अवघ्या ९ ओळी. गोष्ट बीड नावाच्या इंग्रज भिक्षूने ७३१ साली पूर्ण केलेल्या इतिहासात सांगितली आहे. व्हिट्बीच्या मठात हिल्ड मठाधिपती असताना तिथला कॅडमन नावाचा एक गुराखी मेजवानीत वीणा आपल्याकडे येतेय असं दिसलं की उठून निघून जायचा, कारण त्याला गाता येत नसे. एका रात्री स्वप्नात कुणीतरी त्याला सृष्टीच्या आरंभाबद्दल गा असं सांगितलं आणि तो गायला लागला. त्या ९ ओळींत देवाचा उल्लेख आठ वेळा येतो आणि त्यातला फक्त एकच, ‘शाश्वत नायक’, दोनदा. बाकी प्रत्येक वेळी नवं नाव. बीडने आपल्या लॅटिन ग्रंथात फक्त आशय दिला, आणि कविता शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेली की तिचा डौल जातो हे स्वतःच कबूल केलं. त्याच्या लॅटिनमध्ये सुरुवातीचा ‘स्वर्गराज्याचा राखणदार’ हा ‘स्वर्गराज्याचा कर्ता’ झालाय. मला हा बदल लहान वाटत नाही. कर्ता काम संपवून निघून जाऊ शकतो, राखणदाराला जागेवरच थांबावं लागतं.

आता कोशाबद्दल. जोसेफ बॉसवर्थ १८७६ मध्ये वारले. त्यांचं काम टी. नॉर्थकोट टोलर यांनी पुढे नेलं, मुख्य खंड १८९८ मध्ये पुरा झाला आणि टोलरची जाडजूड पुरवणी १९२१ मध्ये आली. सुरुवातीच्या अक्षरांचं काम बॉसवर्थच्या काळातलं आणि कच्चं आहे, हे अभ्यासक उघडपणे मानतात. पुरवणीचा मोठा भाग त्याच दुरुस्तीत गेलाय. म्हणून ‘ब्लॅड’ (भरभराट, वैभव) किंवा ‘दोम’ (निवाडा, त्यातून मिळणारी कीर्ती) असे शब्द बघताना पुरवणीची नोंद उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गंमत अशी की मोठेपणाचे शब्द वर्णमालेच्या शेपटाकडे गर्दी करून आहेत. सिगोर (विजय), तीर (कीर्ती), वेआर्द, वेआल्देन्द, वुल्डोर (गौरव), थेओदेन (प्रभू), थ्रिम (वैभव). टोरांटोला जो नवा, फार काटेकोर कोश तयार होतोय तो ए पासून क्रमाने चाललाय आणि अजून या अक्षरांपर्यंत आलेला नाही. त्यांचा सुमारे ३० लाख शब्दांचा शोधसंग्रह मात्र आत्ताही कामाला येतो. म्हणजे या एका विषयापुरती जुन्या कोशाची लॉटरी लागलीय: त्याचा सगळ्यात भक्कम भाग नेमका तोच, जो आपल्याला हवा.

संदर्भांची संक्षिप्त रूपं सुरुवातीला डोकं फिरवतात. जेनेसिस या, बायबलमधल्या उत्पत्तीच्या कथेवरच्या, काव्यातली ओळ दिली की पुढे ‘सीडी’ असं काहीतरी दिसतं. ते कॅडमनचं. १६५५ मध्ये फ्रान्सिस्कस युनियस या अभ्यासकाने जेनेसिस ज्यात आहे ते बॉडलियनचं हस्तलिखित छापलं तेव्हा सगळ्या कविता कॅडमनच्या नावावर घातल्या आणि १९ व्या शतकातल्या आवृत्त्यांनी ते नाव पुढे चालवलं. आज असं कुणी मानत नाही, कोशात मात्र कॅडमन जागोजागी बसलाय.

व्याख्यांच्या बाबतीत कोशाला पैकीच्या पैकी गुण देणार नाही. ‘थ्रिम’ला वैभव, सामर्थ्य, सैन्यसमूह असे अर्थ ओळीने मिळतात आणि कुठला कुठे लागतो हे आपणच उदाहरणं वाचून ठरवायचं. पण उदाहरणं भरपूर आहेत, आणि तीच खरी दौलत आहे. ‘मॅरे’ घ्या. अर्थ दिलाय थोर, विख्यात. उदाहरणं वाचत गेलं की दिसतं, ज्याच्याबद्दल लोक बोलतात तो मॅरे. म्हणून बेओवुल्फ या वीरकाव्यात राजा मॅरे असतो आणि दलदलीत फिरणारा राक्षस ग्रेंडेलही मॅरेच. आजच्या इंग्रजीत ज्या शब्दाने थोरवी सांगतात त्या ‘ग्रेट’चा पूर्वज तेव्हा नुसता जाडजूड, भरड या अर्थाने फिरत होता. या कवींना थोरवीसाठी त्याची गरज पडली नाही.

मला सगळ्यात जास्त ‘ज्यूडिथ’ या कवितेने दिलं. ती बेओवुल्फच्याच हस्तलिखितात आहे, त्यामुळे डम्बर्टन ओक्समध्ये आर. डी. फल्क यांच्या २०१० च्या खंडात मिळते. सुरुवात हरवलीय, साडेतीनशेच्या आसपास ओळी शिल्लक आहेत. असीरियन सेनापती होलोफर्नेस मेजवानी देतो, सरदारांना बेशुद्ध होईपर्यंत पाजतो, स्वतःही ढोसतो आणि रात्री ज्यूडिथ त्याचं डोकं उडवते. या माणसाला कवी काय म्हणतो? गोल्डविने गुमेना, म्हणजे माणसांचा सोनं देणारा सखा. चांगल्या राजाला लावायची जुनी, मानाची पदवी. आणखी पुढे तो ‘स्वीथमोद सिंकेस ब्रित्ता’ होतो: जबरदस्त मनाचा, संपत्तीचा वाटप करणारा. मग ज्यूडिथ तलवार उचलण्याआधी प्रार्थना करते आणि देवाला हाक मारते ‘तोर्ख्तमोद तीरेस ब्रित्ता’: तेजस्वी मनाचा, कीर्तीचा वाटप करणारा.

दोन्ही ओळी शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून बघा. साचा तोच, वजन तेच, ब्रित्ताही तोच. बदललंय मनाचं विशेषण आणि षष्ठीतला शब्द. एक जण खजिना वाटतो, दुसरा तीर, म्हणजे यश आणि मान. माझ्या त्या स्वस्त भाषांतरात पहिल्याला ‘श्रीमंत प्रभू’ आणि दुसऱ्याला ‘गौरवशाली प्रभू’ अशा छापाचं काहीतरी केलं होतं. सगळा सांधाच गेला. फल्क यांच्या गद्यात दोन्ही वाक्यं नीट आहेत, पण त्यांच्यातलं नातं दिसायला डावीकडचं पान वाचावंच लागतं.

यानंतर मी ‘क्रुसाचं स्वप्न’ ही कविता पुन्हा उघडली. १५६ ओळी, वेर्चेल्लीच्या हस्तलिखितातल्या. याच कवितेच्या काही ओळी स्कॉटलंडमधल्या रुथवेलच्या दगडी क्रुसावर रून या जुन्या जर्मानिक लिपीत कोरलेल्या आहेत. तो क्रूस ८ व्या शतकातला. १७ व्या शतकात तो मूर्तिपूजेचा अवशेष म्हणून फोडला गेला, तुकडे १९ व्या शतकात पुन्हा जोडले गेले आणि १८४० मध्ये जॉन केम्बल या अभ्यासकाने त्यावरच्या रून अक्षरांचा अर्थ लावला. इथे क्रूस स्वतः बोलतो आणि ख्रिस्त हा खिळे ठोकून घेणारा दीन माणूस नाही. तो घाईने, मोठ्या धैर्याने येतो, अंगावरचं उतरवतो आणि क्रुसावर चढतो. विशेषणं आहेत स्तीथमोद, ठाम मनाचा, आणि मोदिग, धीट.

हे दोन्ही शब्द नुकतेच कुठे वाचले होते? ज्यूडिथमध्ये, होलोफर्नेसच्या दारूकामात. तो स्तीथमोद आरडाओरडा करत होता, मोदिग आणि दारूने मस्त. एकाच शब्दसाठ्यातून एकाला दारुडा आणि दुसऱ्याला तारणहार उभा केलाय. एका कवीने दुसऱ्याचं वाचलं असेल असं मी म्हणत नाहीये. दालनाची भाषा सगळ्यांच्या हाताशी होती. पण त्या भाषेत थोरवीचा शब्द स्वतः कुणाला चांगला ठरवत नाही, हे मला कुठल्या प्रस्तावनेपेक्षा या दोन कवितांनी जास्त स्पष्ट केलं. कोण, कुणासाठी, काय वाटतो, ते षष्ठीत बघायचं.

‘स्वप्ना’तली आणखी एक जागा. ख्रिस्ताला थडग्यात ठेवतात आणि दुःखी सोबती निघून जातात. तो तिथे विसावला ‘मॅते वेओरोदे’, म्हणजे लहानशा लवाजम्यासह. तिथे कुणीच नव्हतं! एकटा म्हणायची ही त्यांची रीत, कमी बोलून जास्त सांगायची. पण शब्द लवाजम्याचाच निवडलाय, कारण सरदाराचं मोठेपण भोवतीच्या माणसांवरून मोजतात. पुढे स्वप्न पाहणाराही एकटा उरतो तेव्हा तेच दोन शब्द त्याला लागतात. कविता संपताना ख्रिस्त देवाच्या राज्यात परत येतो तेव्हा मात्र त्याच्यासोबत आत्म्यांचा मोठा समुदाय आहे. ‘लवाजमा’ हा शब्द पहिल्या खेपेला नजरेआड झाला, तर शेवटचा तो समुदाय म्हणजे नुसती सजावट वाटते.

जेनेसिसबद्दल थोडक्यात, कारण त्याच्या मधल्या भागात मी फार रेंगाळले नाही. वंशावळी आहेत, अब्राहामच्या लढाया आहेत, वाचनीय आहेत, पण माझ्या प्रश्नाला तिथे नवं उत्तर मिळालं नाही. २३५ ते ८५१ या ओळी मात्र अजिबात सोडू नका. हा भाग जुन्या सॅक्सनमधून, म्हणजे जुन्या इंग्रजीच्या जर्मनीतल्या भावंड भाषेतून, आलाय असं एडुआर्ड सीव्हर्स या जर्मन अभ्यासकाने १८७५ मध्ये नुसत्या भाषेवरून सांगितलं होतं आणि १८९४ मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात मुळाचे तुकडे खरोखर सापडले. इथे सैतान बोलतो. माझ्याकडे मोठी सत्ता आहे, म्हणतो, याहून देखणं सिंहासन मी बांधीन, स्वर्गात याहून उंच. मीही त्याच्यासारखा देव होऊ शकतो. माझ्या पाठीशी बळकट साथीदार उभे आहेत. यापुढे त्याचा चाकर राहणार नाही. सगळं मोजमाप तुलनेचं आहे: अधिक देखणं, अधिक उंच, त्याच्यासारखा. आता याच काव्याचा आरंभ काढून बघा. तिथे देवाला कुणाहून मोठं म्हटलेलं नाही. त्याला आरंभ नव्हता, अंत येणार नाही, एवढंच. हा आरंभ एका कवीचा आणि सैतान दुसऱ्याचा, हे खरं. पण ज्याने कुणी दोन्ही एकत्र शिवले त्याला हा फरक ऐकू आला असणार असं मला वाटतं.

डम्बर्टन ओक्सचा हा जेनेसिसचा खंड डॅनियल अँलेझार्क यांचा, २०११ चा. छपाई सुरेख, गद्य सरळ, टिपा मागे आणि मोजक्या. शब्दसूची नाही, ते त्या मालिकेचं धोरणच आहे. त्यामुळे नुसत्या या खंडावर भागणार नाही, कोश लागतोच. उलट क्रॅप-डॉबीत भाषांतराचा एक शब्द नाही. पहिल्या दिवशी ते हातात धरलंत तर आठवड्याभरात मिटून ठेवाल.

नव्याने सुरू करणाऱ्यांना क्रम सांगायचा तर कॅडमनचं स्तोत्र, मग ‘क्रुसाचं स्वप्न’, मग ‘ज्यूडिथ’, मग जेनेसिसच्या त्या सहाशे ओळी. एक्सेटरच्या हस्तलिखितातली आगमनगीतं (ख्रिस्ताच्या येण्याची गीतं) हवं तेव्हा, मधेमधे. व्याकरण पाठ करत बसू नका, षष्ठीचे प्रत्यय तेवढे ओळखायला शिका, एकवचनातला ‘एस’ आणि अनेकवचनातला ‘आ’ किंवा ‘एना’. त्यावर निम्मं काम होतं. थॉर्न (þ), एथ (ð) आणि अॅश (æ) ही जुन्या इंग्रजीतली अक्षरं टंकायला फोनमध्ये आइसलँडिक कळफलक जोडून घ्या. आणि ज्यांना नुसता कथाभाग हवाय त्यांनी या भानगडीत पडू नये, त्यांना बायबल पुरेल आणि ते वेळेत संपेल.