छातीतले तीन नवे पाट : सोळा महिने वापरल्यावर

गेल्या वर्षी फेब्रुवारीत पुण्यात माझी हृदयाची बायपास झाली, म्हणजे तुंबलेल्या धमन्यांना वळसा घालून रक्त नेणाऱ्या तीन नळ्या बसवल्या. आता जून चालू आहे, म्हणजे सोळा महिने झाले. ऑपरेशननंतर पंधरा दिवसांत लिहिलेले अनुभव मी भरपूर वाचले, त्यात सगळेच डॉक्टर देव असतात. मी मुद्दाम वर्षभर थांबलो. आधीच सांगून टाकतो : तीनपैकी दोन नळ्या झकास चालू आहेत, एक बंद पडली आहे आणि तरी माझी तक्रार नाही.

मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बहुतेक नीरा डाव्या कालव्यावर. कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. त्यामुळं सर्जननी कागदावर हृदय काढून दाखवलं तेव्हा मला त्यात वितरिका आणि चाऱ्याच, म्हणजे कालव्याच्या फांद्या आणि उपफांद्या, दिसायला लागल्या.

छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेनं, आतल्या बाजूला एक धमनी खाली उतरते. डॉक्टर लोक तिला 'लिमा' म्हणतात. तिचं मूळ तोडत नाहीत, खालचं टोक तेवढं सोडवून हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला जोडतात. म्हणजे चालू पाट वळवून घेतला. बाकीच्या दोन नळ्या माझ्या डाव्या पायातल्या शिरेच्या. त्यांचं एक टोक महाधमनीला शिवलं, दुसरं हृदयावरच्या फांदीला. पायाच्या शिरेत झडपा असतात, रक्त वरच जावं म्हणून. तशीच सरळ लावली तर रक्त अडेल, म्हणून ती उलटी करून बसवतात. हे ऐकून मला हसू आलं. आमच्या थोरल्या बंधूंनी एकदा विहिरीवर फूट-व्हॉल्व्ह उलटा बसवून दिवसभर मोटर चालवली होती.

रिपोर्टात उजव्या धमनीतही ६० टक्के ब्लॉकेज लिहिलं होतं. सर्जन म्हणाले, तिला हात लावणार नाही. मी म्हटलं, "साहेब, छाती उघडणारच आहात तर तेवढंही उरकून टाका की." ते म्हणाले, "काका, तिथं मूळच्या वाटेनं अजून बक्कळ रक्त जातंय. मी नळी जोडली तर दोन्हीकडचं रक्त समोरासमोर भिडेल. नळीतला प्रवाह मंदावेल आणि मंदावलेली नळी बंद पडते."

मला लगेच पटलं. एकाच शेतावर दोन चाऱ्या सोडल्या की जिच्यात जोर कमी तिचं पाणी तुंबतं. चार आवर्तनांत तिथं शेवाळ आणि गाळ धरतो, पुढच्या वर्षी चारी शोधावी लागते. आमचे मेहुणे मात्र अजून म्हणतात, "चौथं केलंच नाही, पैसे पूर्ण घेतले."

चौथ्या दिवशी राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरांना मी विचारलं, नळ्या जोडल्या खऱ्या, पण त्यांतून किती रक्त वाहतं ते मोजलं का? ते जरा चमकले, मग फाइलीतून एक छापील कागद काढून दाखवला. छाती बंद करण्याआधी प्रत्येक नळीला चिमट्यासारखा एक प्रोब लावतात. अल्ट्रासाउंडच्या लहरी प्रवाहाबरोबर लवकर पोचतात, प्रवाहाविरुद्ध उशिरा. त्या फरकावरून प्रवाह निघतो. मोठ्या जलवाहिन्यांवरच्या अल्ट्रासॉनिक मीटरचं तत्त्वही हेच.

माझे आकडे : लिमा मिनिटाला ३४ मिलिलिटर, दुसरी नळी ५२, तिसरी १६. क्युसेकमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून कसंतरीच होतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, आणि इथं माझ्या हृदयाची मुख्य नळी एक कटिंग चहा भरायला दोन मिनिटं घेणार! पण हृदयाला तेवढं पुरतं. प्रवाह २० च्या वर हवा आणि शेजारचा 'पीआय' नावाचा, प्रवाह किती हिसके देत वाहतो ते सांगणारा आकडा ५ च्या खाली, असा साधारण ठोकताळा आहे. पीआय जेवढा जास्त, तेवढी पुढं अडचण असण्याची शंका जास्त. लिमाचा पीआय २.१ होता, दुसऱ्या नळीचा १.८, तिसरीचा ४.७. म्हणजे तिसरी त्या दिवसापासूनच काठावर होती.

आलेखात अजून एक गंमत दिसली. हृदय आकुंचन पावतं तेव्हा ते सगळ्या अंगाला रक्त ढकलतं, पण स्वतःच्या डाव्या बाजूला रक्त मिळतं ते मुख्यतः सैल पडल्यावर. आकुंचनात त्याचा स्नायूच आतल्या रक्तवाहिन्या दाबून धरतो. त्यामुळं आलेखातला मोठा उंचवटा विश्रांतीच्या वेळचा. सगळ्या गावाला पाणी देऊन झाल्यावर पाटकऱ्यानं स्वतःचं रान भिजवावं, तसं.

पहिल्या तीन महिन्यांबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी थोडक्यात आटोपतो. खोकताना छातीशी उशी धरायची, तीन चेंडूंच्या खेळण्यात श्वास ओढायचा, कुशीवर झोपायचं नाही. छातीपेक्षा पायानंच जास्त छळलं. घोट्याजवळची जखम दीड महिना चिघळली आणि तिच्याभोवतीचा पाय आजही बधिर आहे. छातीच्या डाव्या बाजूला, लिमा सोडवली तिथंही हात लावला की दुसऱ्याच्या अंगाला लावल्यासारखं वाटतं. हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

माझी चूक पण लिहितो. आठव्या महिन्यात कोलेस्टेरॉलची गोळी मी आपल्या मनानं बंद केली. गुडघे दुखत होते आणि फोनवर कोणीतरी पाठवलं होतं की ती गोळी स्नायू खाते. ऐंशी वर्षं जगलेल्या माणसांची उदाहरणं देऊन हिनं वाद घातला, मी ऐकलं नाही. दोन महिन्यांनी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६१ वरून १२८. गुडघे तसेच.

तेराव्या महिन्यात जेजुरीच्या पायऱ्या चढताना मधल्या दीपमाळांपाशी छाती आवळली. बसलो, पाच मिनिटांत मोकळं वाटलं. खाली उतरून तडक पुण्याला. सीटी अँजिओग्राफी, म्हणजे स्कॅनमधून रक्तवाहिन्यांचं चित्र घ्यायची तपासणी, केली. नाडी ६० पर्यंत खाली आणायला आधी गोळी देतात, मग शिरेतून औषध सोडतात आणि अंगभर ऊन पाणी पसरल्यासारखं होतं. लघवी झाली की काय असं वाटून मी ओशाळलो. तंत्रज्ञ म्हणाला, "सगळ्यांनाच वाटतं काका."

लिमा चालू, दुसरी चालू, तिसरी मुळापासून बंद.

मी डॉक्टरांना विचारलं, गोळी सोडली म्हणून का? ते म्हणाले, वर्षभरात पायाच्या शिरेच्या काही नळ्या बंद पडतातच. सुरुवातीला गुठळी होते. पुढं धमनीच्या दाबाची सवय नसलेली ती शीर आतून जाड होत जाते. त्यात तुमची तिसरी नळी जिथं जोडली ती फांदी दीड मिलिमीटरपेक्षा बारीक होती. पुढं रक्त घ्यायला शेतच लहान, म्हणून प्रवाह १६. "पण ही गोळी दुसऱ्या नळीसाठी आहे. तिचं पुढच्या दहा वर्षांचं भांडण कोलेस्टेरॉलशीच आहे." शिरेच्या नळ्या दहा वर्षांत जवळजवळ निम्म्या बंद होतात, लिमा मात्र नव्वदहून जास्त टक्के लोकांत तेव्हाही वाहती असते. तिच्या अस्तरातूनच रक्तवाहिनी सैल ठेवणारी द्रव्यं पाझरतात आणि मुख्य धमनीसारखं मोठं रान तिच्याखाली असतं. क्लीव्हलँड क्लिनिकनं १९८६ साली दाखवून दिलं की पुढच्या धमनीला ही नळी जोडलेली माणसं, फक्त शिरा वापरलेल्यांपेक्षा जास्त जगतात. शिरेची बायपास रूढ केली तीही तिथंच, १९६७ मध्ये, रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जननी.

हृदयाला जोर द्यायला लावून करतात त्या स्ट्रेस टेस्टमध्ये माझ्या हृदयाचा कुठलाच मोठा भाग उपाशी दिसला नाही. तिसरी नळी उघडायचा खटाटोप केला नाही, एक गोळी वाढवली. मे महिन्यात एलडीएल ५८ आलं. कालव्याच्या भरावावरून रोज चार किलोमीटर चालतो, छाती आवळत नाही. तंबाखू सुटली आहे, पण जेवणानंतर हात अजून चंचीकडं जातो.

कोणाच्या घरी ऑपरेशन ठरलं असेल तर दोन गोष्टी आधी विचारा : पुढच्या मुख्य धमनीला लिमा लावणार का, आणि प्रवाह मोजून त्याचा कागद देणार का. मला मागितल्यावर मिळाला. आता तो जुन्या गेज रजिस्टरात, म्हणजे कालव्याची पातळी लिहायच्या वहीत ठेवलाय, तिसऱ्या ओळीपुढं पेन्सिलीनं 'बंद' आणि तारीख टाकून.

पाय संध्याकाळी अजून सुजतो. तो वर ठेवायला जे स्टूल घेतलं ते नातवाला अभ्यासाला हवं असतं, त्यामुळं सातनंतर उशीवर भागवावं लागतं.