जीवन प्रमाण अ‍ॅप वापरलं, आण्णांचा हयातीचा दाखला घरीच झाला

ज्यांचे आईवडील पेन्शनवर आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. आमचे आण्णा रेल्वेतून रिटायर, वय ८१, मिरजेला एकटे राहतात आणि मी पुण्यात. दरवर्षी नोव्हेंबरात बँकेत जाऊन दाखला द्यायचे, पण मागच्या वेळी मशीनवर अंगठाच उमटेना, हात धुवून आले, दुसरी बोटं लावून बघितली, शेवटी उद्या या म्हणाले. रात्री फोनवर मला म्हणाले, "बोटांच्या रेषाच गेल्यात गं माझ्या." फार लागलं ते मनाला.

८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, म्हणून यंदा मी आधीच गेले आणि चेहऱ्यावरून करायचं ठरवलं (ही सोय २०२१ पासून आहे). जीवन प्रमाण (हयातीचा दाखला काढायचं सरकारी अ‍ॅप) आणि आधार फेस आरडी (आधारवरून चेहरा ओळखणारं) अशी दोन्ही अ‍ॅप घ्यावी लागतात. आधी आपण ऑपरेटर, म्हणजे अ‍ॅप चालवणारे म्हणून आपला आधार नंबर, ओटीपी, आपला चेहरा, मग पेन्शनरची माहिती, पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा), खाते नंबर, आणि मग त्यांचा चेहरा. उजेड तोंडावर पडायला हवा आणि पापण्यांची उघडझाप करावी लागते, आत खोलीत दोनदा फेल गेलं, ओसरीवर खुर्ची टाकली आणि लगेच झालं. एक रुपया लागला नाही.

पण माझं एक चुकलं. आण्णांना ओटीपी सापडायचा नाही म्हणून मी माझाच मोबाईल नंबर टाकला, त्यांची पेन्शनची फाईलपण कपाटातून मीच काढली न विचारता. मेसेज आला माझ्या फोनवर. "दाखला माझा आणि मेसेज तुला?" एवढंच म्हणाले आणि रात्री जेवताना गप्प. ती फाईल आई गेल्यापासून ते एकटे सांभाळतात, एक कागद इकडचा तिकडे नाही, आणि मी घाईत सगळं त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं. सकाळी माफी मागितली आणि परत पहिल्यापासून केलं, यावेळी नंबर त्यांचा, पीपीओ त्यांनी चष्मा लावून स्वतः टाईप केला, वेळ लागला तर लागू दे. ओटीपी मोठ्याने वाचून दाखवला मला.

अ‍ॅपला पाचपैकी चार देईन. एक कमी कारण माहिती भरायच्या पानावरचे सरकारी शब्द वयस्कर माणसाला एकट्याला झेपणारे नाहीत, कोणीतरी शेजारी बसायलाच हवं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी पोस्टमनला घरी बोलवा, पोस्ट पेमेंट्स बँकेची सोय आहे, ७० रुपये घेतात. आणि दाखला निघाला म्हणजे बँकेने घेतला असं धरू नका, नंतर स्टेटस बघा. आण्णा तर स्वतः जाऊन विचारून आले, प्रिंट फाईलला लावली, आणि आता शेजारच्या काकांचा करून द्यायचाय म्हणून मी परत कधी येणार ते विचारतायत.