नवी ठासणीची बंदूक, कोकणची हवा आणि बादलीभर कढत पाणी

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर मिळणारी कारखान्यातली नवी एकनळी, बारा बोअरची ठासणीची (म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची) बंदूक घ्यावी का? आंबा-काजूची बाग असेल, डुकरं-माकडं बागेत उतरत असतील आणि बार काढला त्याच संध्याकाळी तासभर बंदुकीला द्यायची तयारी असेल, तर जरूर घ्या. तेवढा वेळ निघणार नसेल तर घेऊ नका. या बंदुकीत बिघडण्यासारखे भाग फार थोडे आहेत. पण देवगड-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत न धुतलेली नळी एका पावसाळ्यात कामातून जाते, आणि मग दोष बंदुकीच्या माथी मारला जातो.

दुकानात हातात घेतल्यावर सगळ्यात आधी घोडा बघा. तो सावकाश खाली आणून निपलवर, म्हणजे नळीच्या बुडाशी आट्यांवर बसवलेल्या पोकळ बोंडीवर, बरोबर मधोमध टेकतो का हे तपासा. एका बाजूला टेकत असेल तर कॅप (निपलवर बसणारी, ठोका बसला की ठिणगी देणारी टोपी) अर्धवट चेपते आणि तिचे तुकडे उडतात. घोडा अर्ध्यावर ओढून अडकवा आणि चाप ओढा. घोडा सुटला तर ती बंदूक तिथेच परत द्या, दुरुस्तीच्या बोलण्याला भुलू नका. निपल पान्याने एकदा उघडून पुन्हा बसवून घ्या. आटे गुळगुळीत फिरले पाहिजेत आणि तिरके चढता कामा नयेत. नळीवरचा चाचणीचा शिक्का आणि क्रमांक कागदांशी ताडून घ्या.

नव्या बंदुकीतल्या दोन गोष्टी हमखास नाराज करतात. एक म्हणजे सोबतचा लाकडी गज, म्हणजे बार ठासायची काठी. तो बारीक असतो, जोर दिला की तिरका चिरतो आणि चिरलेलं टोक तळहातात घुसतं. पितळी टोपणाचा जाड गज वेगळा करून घ्यावा. दुसरी गोष्ट दस्त्याची. बाहेरून व्हार्निश चकचकीत, पण नळी बसते ती आतली खाच कोरीच. जूनमध्ये ते लाकूड फुगतं आणि धुवायला काढलेली नळी परत बसता बसत नाही. पावसाआधी आतून जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण सुकू द्या. या कामाला खोबरेल चालत नाही, ते सुकतच नाही.

पहिला बार काढण्याआधी नळी रिकामी आहे याची खात्री करा, बंदूक नवी असली तरी. गज तळापर्यंत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा, मग तोच गज नळीच्या बाहेरून धरून बघा. त्याचं टोक निपलच्या रेषेपर्यंत पोचलं पाहिजे. रिकाम्या आणि भरलेल्या नळीची अशी एकेक खूण गजावर कायमची कोरून ठेवा. पुढे ही खूण रोज लागते.

कारखान्याचं तेल सुक्या चिंधीने पुसून काढा. मग निपलवर नुसती कॅप लावा, नळीचं तोंड जमिनीवरच्या सुक्या पानापासून वीतभर अंतरावर धरा आणि घोडा सोडा. पान हललं तर वाट मोकळी. हललं नाही तर निपलमध्ये तेल आहे. बारीक तार घालून साफ करा आणि दुसरी कॅप लावा. नव्या बंदुकीचा पहिला बार फुसका जातो तो बहुतेक वेळा या राहिलेल्या तेलामुळे.

आता भरणं. बंदुकीची दारू मापानेच घ्यावी, डब्यातून थेट नळीत कधी ओतू नये. आधीच्या बाराची ठिणगी आत उरली असेल तर अख्खा डबा हातात पेटतो. बारा बोअरला सुरुवातीला ७० ग्रेन, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम काळी दारू पुरे. छर्रे एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम. कारखान्याच्या पत्रकात याहून कमी लिहिलं असेल तर पत्रकाचं ऐका. काडतुसं फोडून काढलेली दारू या नळीत चिमूटभरही घालायची नाही. ती बिनधुराची दारू असते, तिचा दाब कितीतरी जास्त असतो, नळी फुटते आणि हात जातो. डब्याच्या तळाचा भुगाही वापरू नका, दाण्यापेक्षा तो जास्त वेगाने जळतो.

दारूवर जाड पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर तेल पाजलेली नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) जाड चकती, मग छर्रे आणि शेवटी पातळ पुठ्ठा. बारा बोअरची नळी आतून साडेअठरा मिलिमीटरची असते, म्हणून १९ मिलिमीटरच्या पंचाने पाडलेल्या चकत्या घट्ट बसतात. वरच्या पातळ चकतीला लग्नपत्रिकेचा कागद अगदी योग्य जाडीचा असतो. गावाकडे सोडणाचा काथ्या ठासायची सवय आहे. तो फुकट मिळतो आणि बसतोही छान, पण नळीतून बाहेर पडताना धुमसत पडतो. मार्च ते मे काजूखालचं गवत वाळलेलं असतं. त्या दिवसांत काथ्या नकोच. नुसता आवाजाचा बार काढतानाही पुठ्ठाच घाला, आणि तोही जवळून जखम करतो हे ध्यानात ठेवा.

प्रत्येक थर गजाने तळापर्यंत गेला पाहिजे. दारू आणि चकतीमध्ये पोकळी राहिली तर त्या जागी नळी फुगते, कधी फाटते. कोरलेली खूण कामाला येते ती इथे. गज बोटांनी धरा, मुठीत नको, आणि तोंड नळीवर आणू नका. कॅप सगळ्यात शेवटी, बंदूक सुरक्षित दिशेला धरल्यावरच. डोळ्याला चष्मा हवाच.

पहिल्या ठोक्याला कॅप फुटत नाही आणि दुसऱ्याला फुटते, ही तक्रार फार ऐकू येते. बहुतेक वेळा कॅप निपलला घट्ट होते, पहिला ठोका ती बसवण्यातच खर्ची पडतो. निपलचं टोक बारीक पॉलिश पेपरने किंचित घासून घ्या. कॅप फुटली पण बार निघाला नाही, तर नळी समोर रोखून निदान एक मिनिट थांबा, दोन थांबलात तर बरंच. दारू कधी कधी आत धुमसत असते. भिजलेला बार काढायचा असेल तर निपल उघडून आत पाणी ओता, दारू पूर्ण भिजू द्या, मग गजाला स्क्रू लावून चकत्या ओढून काढा.

चार-पाच बारांनंतर गज अडखळायला लागतो. ओलसर चिंधी एकदा फिरवली की पुन्हा सरळ जातो, आतली ठिणगीही विझते. मुठेल (कोकमाच्या बियांचं तेल) दोन भाग आणि मधमाशीचं मेण एक भाग मंद आचेवर पातळ करून नमद्याच्या चकत्या त्यात बुडवून ठेवल्या तर काजळी मऊ राहते. नुसतं मुठेल मे महिन्यात पाघळतं, मेणामुळे ते धरून राहतं.

खरं काम यापुढे आहे. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही. पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असे क्षार उरतात, त्यातले बरेचसे धुरावाटे जातात, उरलेले नळीला चिकटतात. हे क्षार हवेतलं पाणी ओढतात. किनाऱ्यावरच्या पावसाळी हवेत बाकी काही लागतच नाही; रात्रभर तशीच टेकवून ठेवलेली नळी सकाळी आतून तांबूस झालेली असते.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चूक म्हणजे रॉकेलने पुसणं. रॉकेलने नळी वरून चकचकीत दिसते, पण क्षार रॉकेलमध्ये विरघळत नाहीत. ते पाण्यातच विरघळतात. लोखंडाला पाणी लावायचं म्हणून माणसं कचरतात, पण या बंदुकीला पाणीच हवं.

निपल उघडून कोमट साबणपाण्याच्या वाटीत टाका. नळी दस्त्यातून काढता येत असेल तर तिचं बूड बादलीत उभं करा. येत नसेल तर निपल जागेवर ठेवून त्यावर स्कूटरच्या पेट्रोल पाइपचा तुकडा घट्ट बसवा आणि पाइपचं दुसरं टोक बादलीत सोडा. बादलीत दोन लिटर कढत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. पाणी गोडंच घ्या. समुद्राजवळच्या विहिरीला मे महिन्यात खारं पाणी लागतं, तसलं असेल तर प्यायच्या पाण्यातलं वापरा.

गजाला जुन्या सुती लुगड्याची चिंधी नळीत घट्ट बसेल इतकी गुंडाळा आणि वर-खाली करा. गज वर ओढला की पाणी आत चढतं, खाली दाबला की काळंकुट्ट होऊन बाहेर येतं आणि कुजलेल्या अंड्याचा वास सुटतो. हा वास येतोय तोवर क्षार निघताहेत असं समजा. पाणी बदला आणि पुन्हा तेच करा. चिंधी पांढरी बाहेर यायला सहसा तीन पाणी लागतात. शेवटचं पाणी उकळतं असावं. नळी हाताला सोसवेनाशी तापली पाहिजे, म्हणजे ती स्वतःच्या उष्णतेने आतून सुकते. फडक्यात धरून तोंड खाली करून झटका, लागोपाठ दोन-तीन सुक्या चिंध्या फिरवा आणि नळी गरम आहे तोवर शिलाई मशीनचं तेल लावलेली चिंधी शेवटपर्यंत न्या. निपलच्या आट्यांना बोटावर येईल एवढं ग्रीस लावून मगच बसवा, नाहीतर पुढच्या वेळी पाना घसरून त्याची धार मोडेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकी चिंधी एकदा आत फिरवा. नारिंगी रेघ आली तर घाबरू नका, पुसा आणि पुन्हा तेल द्या. तिसऱ्या दिवशी परत बघा. चिंधी स्वच्छ आली की काम झालं. पावसाळ्यात नंतर दर पंधरा दिवसांनी एकदा.

यूट्यूबवर इटालियन बनावटीची कोल्ट १८५१ नेव्हीची प्रतिकृती बघून तीच घेता येईल का, असं विचारणारे पुष्कळ आहेत. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पिकांच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक असा स्वतंत्र उल्लेख आहे, रिव्हॉल्व्हर त्यात बसत नाही. रिव्हॉल्व्हरचं धुणंही किचकट. सहा खाने, सहा निपल, शिवाय फिरणाऱ्या चक्राच्या दांड्यावर काजळी साचते आणि चक्र अडकतं. गोळी खान्यात घट्ट, कडा खरवडून बसली नाही किंवा कॅप सैल राहिली तर एका बाराबरोबर शेजारचे खानेही पेटतात. एकनळीत हा धोका मुळात नाही. परवाना बंदूक बाळगायचा असतो, शिकारीचा नव्हे. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि डुकरासाठीही वनखात्याची परवानगी लागते.

ठेवताना रेक्झिनच्या किंवा स्पंजच्या कव्हरात ठेवू नका, त्यात ओल कोंडते. नळीचं तोंड खाली करून ठेवा, नाहीतर तेल बुडाशी उतरून निपल आणि दस्त्याचं लाकूड खराब करतं. भरलेली बंदूक घरात कधीही नको. दारू आणि कॅपा वेगवेगळ्या खोल्यांत, दोन्ही चुलीपासून लांब. कॅपा त्यांच्या मूळ डबीतच, काचेच्या बरणीत कधीही नको.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायचा आदेश आला तर ती महिना-दोन महिने कुणाच्याही हाताला लागत नाही. जमा करायच्या आदल्या दिवशी वापर नसला तरी एकदा धुऊन घ्या. या वेळी पातळ तेल पुरत नाही. नळीला आतून-बाहेरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, निपलवर चामड्याचा तुकडा ठेवून घोडा त्यावर टेकवा, नळीच्या तोंडात बूच मात्र मारू नका. परत आणल्यावर जेली पूर्ण पुसून काढा, गजाची खूण बघा आणि पानावरच्या दोन कॅपांपासून पुन्हा सुरुवात करा.